हजार शब्द पाठ केले, तरी इंग्रजी वाक्य का जमत नाही?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग बीएस्सी, सध्या एसएससी (दहावीची नव्हे, केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची) आणि बँकेच्या परीक्षांची तयारी, पुढे जमलं तर एमबीए. कुणीतरी हजार अवघड इंग्रजी शब्दांची यादी दिली. रोज वीस याप्रमाणे दोन महिने तुम्ही ती घोकलीत. आता वही झाकून बसलात तर दोनशेसुद्धा धड आठवत नाहीत. जे आठवतात ते वाक्यात घातले की वाचणारा म्हणतो, 'काहीतरी खटकतंय'. काय खटकतंय ते मात्र तोही सांगू शकत नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, रोज किती शब्द करू, कुठलं ॲप घेऊ, आणि माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुमच्या स्मरणशक्तीला काही झालेलं नाही. मी बावीस वर्षं सातारा जिल्ह्यात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी शिकवते. माझ्याकडची बहुतेक मुलं मराठी माध्यमाची आहेत. हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, दरवर्षी जूनमध्ये माझ्यासमोर येतो. विचारणाऱ्यांमध्ये पुढे चांगल्या पदांवर गेलेली मुलंही होती.

तुमच्या प्रश्नात दोन दुखणी एकत्र झाली आहेत. शब्द विसरतात हे एक आणि आठवलेला शब्द वाक्यात चुकतो हे दुसरं. तुम्हाला पहिलं मोठं वाटतंय, मला दुसरं. दोन्हींचं मूळ मात्र एकच आहे. यादीवरून तुम्ही शब्द शिकलाच नाहीत, त्याचा एक मराठी प्रतिशब्द शिकलात. हे नीट कळलं तर रोज किती आणि कुठलं ॲप हे प्रश्न आपोआप छोटे होतात, म्हणून आधी तेच सांगते.

एक शब्द घेऊ, 'मिटिगेट'. यादीत त्याच्यापुढे लिहिलेलं असतं, 'कमी करणे'. माझ्या वर्गातल्या एका मुलाने वाक्य केलं, 'आय वॉन्ट टू मिटिगेट माय वेट.' व्याकरण बरोबर, शब्द खरा, अर्थही यादीत दिलेला तोच, आणि तरी वाक्य साफ चूक. कारण आपलं 'कमी करणे' कशालाही लागतं. वजन कमी करा, टीव्हीचा आवाज कमी करा, चहात साखर कमी घाला, भाव कमी करा. 'मिटिगेट' तसा नाही. एखाद्या वाईट गोष्टीची तीव्रता उतरवायची असेल तिथेच तो येतो. दुष्काळाचे परिणाम, पुराचं नुकसान, गुंतवणुकीतला धोका ही त्याची माणसं. कोर्टात 'मिटिगेटिंग सर्कम्स्टन्सेस' म्हणतात, म्हणजे शिक्षा सौम्य करावी अशी परिस्थिती.

आता हेच मराठीत उलटं करून बघा. परक्या माणसाला तुम्ही सांगितलंत, 'शमणे म्हणजे कमी होणे'. तो दुसऱ्या दिवशी येऊन म्हणेल, 'माझं वजन शमलं'. राग शमतो, तहान शमते, वादळ शमतं, दंगल शमते, वजन नाही शमत. हा माणूस यादीवरून मराठी शिकतोय हे तुम्हाला एका वाक्यात कळेल. तुमचं वाक्य वाचणाऱ्याला जे खटकतं ते हेच.

प्रत्येक शब्दाची सोबत ठरलेली असते. हशा पिकतो, टाळ्या पडतात, हंबरडा फोडतात, पैज लावतात, विडा मात्र उचलतात. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, कानावरून इतक्या वेळा गेलं की आपोआप बसलं. भाषाशास्त्रात याला कोलोकेशन म्हणतात. मी वर्गात 'शब्दाची सोबत' म्हणते, कारण ते लगेच कळतं. यादी तुम्हाला शब्द देते, पण एकटा, त्याच्या घरच्या माणसांपासून तोडून.

सोबतीइतकाच शब्दाचा रंग महत्त्वाचा. यात माझी स्वतःची एक चूक सांगते, कारण तिने मला शिकवण्याची पद्धत बदलायला लावली. सुरुवातीच्या वर्षांत मीही फळ्यावर याद्या लिहून द्यायची. 'नोटोरियस' समोर मी लिहिलं होतं 'प्रसिद्ध', आणि कंसात 'वाईट अर्थाने'. पाठ करताना मुलांचा कंस गळून पडला. सराव मुलाखतीत एका मुलाने स्वातंत्र्यसैनिक आजोबांबद्दल मोठ्या अभिमानाने सांगितलं की ते आमच्या पंचक्रोशीत 'नोटोरियस' होते. समोर बसलेले सर थांबले आणि त्यांनी पुन्हा विचारलं. मुलाने तोच शब्द आणखी ठासून सांगितला. त्याला नंतर खरा अर्थ कळला तेव्हाचा त्याचा चेहरा मी विसरलेले नाही. चूक त्याची नव्हती. 'कुख्यात' हा एक शब्द मी लिहिला असता तर ती झालीच नसती. तेव्हापासून कंसात अर्थ द्यायचा नाही, असा माझा नियम आहे. मराठीत नेमका रंगाचा शब्द शोधायचा. तो बहुधा असतो. 'चाइल्डलाइक' म्हणजे निरागस, 'चाइल्डिश' म्हणजे बालिश. 'थ्रिफ्टी' काटकसरी, 'स्टिंजी' कंजूष. आपली भाषा याबाबतीत गरीब नाही, आपणच घाईत 'लहान मुलासारखा' लिहून मोकळे होतो.

आता विसरण्याकडे वळते. १८८५ साली हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्मरणशक्तीवर पुस्तक प्रसिद्ध केलं. प्रयोग त्याने स्वतःवरच केले होते. काहीही अर्थ नसलेल्या अक्षरजोड्यांच्या याद्या तो पाठ करायचा आणि किती वेळाने किती विसरल्या ते मोजायचा. त्याला दिसलं की पहिल्या काही तासांत आणि पहिल्या एक-दोन दिवसांत विसरणं फार वेगाने होतं, पुढे तो वेग मंदावतो, आणि मधून मधून उजळणी केली की प्रत्येक वेळी विसरणं आणखी हळू होतं. यातली एक गोष्ट आपण सोडून देतो. त्याने मुद्दाम निरर्थक अक्षरं निवडली होती, म्हणजे जुन्या आठवणीचा आधार मिळू नये. तुमच्या यादीतला अनोळखी शब्दही तुमच्या मेंदूला तसाच निरर्थक वाटतो. त्याला कुठलाच आधार नाही, ना वाक्याचा, ना प्रसंगाचा, ना ओळखीच्या शब्दाचा. मग तो टिकेल कशाला?

शिवाय रोज वीस नवीन शब्द घेतले की जुन्यांची उजळणी करायला वेळच उरत नाही. तुम्ही दोन महिने पुढे पुढे गेलात, मागे किती वेळा वळलात? प्रश्नात तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून मी गृहीत धरते की फारसं नाही.

माझ्या वर्गात कार्डांची पद्धत आहे. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७० च्या दशकात ती लोकप्रिय केली. एका खोक्याचे पाच कप्पे करायचे. नवीन कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. आठवलं की कार्ड दुसऱ्या कप्प्यात जातं, तो तीन दिवसांनी. मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी, मग दोन महिन्यांनी. मधे कुठेही अडलं की कार्ड परत पहिल्या कप्प्यात. दिवसांचे हे आकडे माझ्या अनुभवातले आहेत, तुम्हाला थोडे बदलावेसे वाटले तर बदला. मुलं चपलांचं खोकं घेतात आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून कार्डं करतात. फोनवर करायचं असेल तर 'अंकी' नावाचं ॲप याच तत्त्वावर चालतं. अँड्रॉइडवर आणि संगणकावर ते फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. मला स्वतःला हाताने लिहिलेली कार्डं जास्त आवडतात, कारण लिहिताना शब्दापाशी दोन मिनिटं थांबावं लागतं. पण तुम्ही रोज दोन तास बसमध्ये काढत असाल तर फोनच बरा.

महत्त्वाचं आहे ते कार्डावर काय लिहायचं. पुढे शब्द आणि मागे अर्थ असं लिहिलंत तर ती यादीच झाली, फक्त कापलेली. पुढच्या बाजूला वाक्य लिहा आणि शब्दाची जागा रिकामी ठेवा. माझ्या एका विद्यार्थिनीचं कार्ड अजून माझ्याकडे आहे. पुढे लिहिलंय, 'द टॅब्लेट डिड नॉट क्युअर माय ग्रॅनीज नी पेन, इट ओन्ली डॅश इट.' मागे शब्द, 'ॲलिव्हिएटेड'. खाली तिने लिहिलंय, 'सोबत: पेन, सफरिंग, पॉव्हर्टी. कळ हलकी होते, जात नाही.' बस, एवढंच. पण त्या कार्डात आजी आहे, गुडघा आहे, गोळी आहे, आणि 'हलकी होते, जात नाही' या चार शब्दांत तिने जो फरक पकडलाय तो अनेक शब्दकोशांत इतका स्पष्ट सापडत नाही.

याच शब्दावरून मला एका वेगळ्या गोष्टीकडे यायचं आहे. तिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी माणसाच्या हातात असलेलं ते सगळ्यात मोठं भांडवल आहे आणि आपण ते वापरत नाही.

'ॲलिव्हिएट' मध्ये लॅटिन 'लेव्हिस' आहे, अर्थ हलका. आपला 'लघु' त्याच्याच कुळातला. म्हणजे शब्दाच्या पोटातच 'भार हलका करणे' हा अर्थ बसलेला आहे. त्याच्या शेजारचा शब्द 'इरॅडिकेट'. त्यात 'रॅडिक्स' म्हणजे मूळ, आणि सुरुवातीचा 'इ' म्हणजे बाहेर. मुळासकट बाहेर काढणे. आता आपला 'उन्मूलन' बघा. उद् अधिक मूल. अगदी तीच घडण. त्याच 'रॅडिक्स' पासून 'रॅडिकल' आला, आणि मराठीत आपण रॅडिकल विचाराला काय म्हणतो? मूलगामी. रॅडिकल बदलाला? आमूलाग्र. आणि 'रॅडिश' म्हणजे मुळा, तोही त्याच मुळातून. इंग्रजांच्या भाजीचं नाव आणि आपल्या भाजीचं नाव, दोन्ही 'मूळ' या अर्थावरूनच पडलेली. ज्या मुलाला हे एकदा कळलं तो 'इरॅडिकेट' आणि 'ॲलिव्हिएट' मध्ये पुन्हा गोंधळत नाही. एकात मूळ उपटलं जातं, दुसऱ्यात ओझं हलकं होतं. पोलिओबाबतीत पहिला, दुखण्याबाबतीत दुसरा.

हा योगायोग नव्हे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स यांनी मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांमधलं साम्य इतकं खोल आहे की त्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात. पुढच्या अभ्यासकांनी ते नातं नियम बांधून सिद्ध केलं. इंग्रजीतले 'अवघड' म्हणवले जाणारे शब्द बहुतेक लॅटिन आणि ग्रीकमधून आलेले आहेत, आणि मराठीतले जड शब्द संस्कृतमधून. म्हणजे अवघड शब्दांच्या पातळीवर या दोन भाषा एकमेकींच्या जास्त जवळ येतात. परिमिती आणि पेरिमीटर समोरासमोर ठेवा. अनाम आणि ॲनोनिमस ठेवा. दंत आणि डेंटल, नव आणि नॉव्हेल, मृत्यू आणि मॉर्टल. 'ज्ञा' धातू आणि 'कॉग्निशन', 'ॲग्नॉस्टिक'. ॲग्नॉस्टिकला आपण अज्ञेयवादी म्हणतो, त्यातला 'अ' सुद्धा तोच.

कधी शब्द कुळातले नसतात, पण बांधणी सारखी असते, आणि तीही तितकीच उपयोगी पडते. लॅटिन 'ॲनिमस' म्हणजे मन, चित्त. 'मॅग्नॅनिमस' म्हणजे ज्याचं मन मोठं, थेट आपला 'महामना'. 'युनॅनिमस' म्हणजे एकमनाचे, म्हणून एकमताने. 'इक्वॅनिमिटी' म्हणजे चित्ताची समता. गीतेतला स्थितप्रज्ञ ज्याला माहीत आहे त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, फक्त त्याच्याकडे बोट दाखवावं लागतं.

एक प्रसंग सांगते. 'ग्रेक्स' म्हणजे कळप, त्यावरून 'ग्रेगॅरियस', 'काँग्रिगेट', 'सेग्रिगेट', 'ॲग्रिगेट' हे शब्द मी शिकवत होते. वर्गात माण तालुक्यातली एक मुलगी होती, घरी मेंढरं. एरवी ती फारशी बोलायची नाही. मी 'सेग्रिगेट' म्हटल्यावर ती म्हणाली, "मॅडम, म्हंजी आजारी मेंढरू कळपातनं वेगळं बांधत्यात तसं." मी म्हटलं, अगदी तेच. मग तिनेच पुढचे लावले. कळपात मिळून मिसळून राहणारं ते ग्रेगॅरियस, पाण्यावर सगळी गोळा होतात ते काँग्रिगेट, संध्याकाळी सगळी मिळून मोजायची ती ॲग्रिगेट. पाच मिनिटांत चार शब्द, आणि तिला ते कार्डावर लिहावे लागले नाहीत. तुमच्या घरी मेंढरं नसतील, पण शेत असेल, दुकान असेल, भजनी मंडळ असेल. शब्द तिथे नेऊन बांधा.

मात्र याच शब्दकुळात एक धोक्याची पाटीही आहे. 'इग्रीजियस' सुद्धा 'ग्रेक्स' वरूनच आला. अर्थ कळपातून उठून दिसणारा. म्हणजे चांगलाच असेल ना? एके काळी होता. आज त्याचा अर्थ आहे ढळढळीत, अक्षम्य, आणि तो 'एरर', 'व्हायोलेशन' अशा शब्दांसोबत येतो. 'एनर्व्हेट' ऐकायला 'एनर्जी' सारखा, अर्थ मात्र शक्ती काढून घेणे. आणि नाती जोडतानाही सांभाळा. 'डिव्हाइन' आणि 'देव' खरोखर नात्यातले, पण 'थिऑलॉजी' मधला ग्रीक 'थिऑस' दिसायला तसाच असूनही आपल्या 'देव' शब्दाचा नातेवाईक नाही. म्हणून धातू आणि मुळं ही शब्द लक्षात ठेवायला वापरा, अर्थाचा अंदाज बांधायला नको. आधी वाक्यात अर्थ बघा, मग मुळाशी जा. क्रम उलटा केला की 'इग्रीजियस' तुम्हाला फसवतोच.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण सगळ्यांना एकच औषध चालत नाही. एसएससीत समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार आणि शब्दसमूहाबद्दल एक शब्द असे प्रश्न सरळ विचारतात. तिथे शब्द ओळखता आला तरी गुण मिळतात. तेव्हा तुमची यादी अगदीच वाया गेलेली नाही. बँकेच्या परीक्षेत उतारा आणि गाळलेल्या जागा यांचा भर असतो, तिथे सोबत माहीत नसेल तर सगळेच पर्याय बरोबर वाटतात. पुढे एमबीए प्रवेशाची कॅट द्यायची असेल तर तिथे उतारेच उतारे, सुट्या शब्दाचा अर्थ जवळजवळ विचारत नाहीत. परदेशी जाण्यासाठीच्या जीआरई परीक्षेत पूर्वी विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या असायच्या. ऑगस्ट २०११ पासून ते प्रकार गेले आणि वाक्यातल्या रिकाम्या जागा उरल्या. जुनी जीआरईची यादी घेऊन कुणी एसएससीची तयारी करत असेल तर त्याचे कष्ट चुकीच्या जागी चाललेत. तुमची यादी कुठून आली ते एकदा तपासा.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, जरी तुम्ही ती विचारलेली नाही. उताऱ्यात मुलांचे गुण जातात ते अवघड शब्दांनी कमी आणि अर्धवट माहीत असलेल्या सोप्या शब्दांनी जास्त. 'ही हार्डली स्टडीज' चा अर्थ 'तो कसून अभ्यास करतो' असा लावणारी मुलं दरवर्षी भेटतात, खरा अर्थ आहे 'तो अभ्यास करतच नाही म्हटलं तरी चालेल'. 'प्राइसेस आर सब्जेक्ट टु चेंज' मध्ये विषय शोधत बसतात, खरा अर्थ आहे 'किमती बदलू शकतात'. 'प्रोव्हायडेड' म्हणजे पुरवलेला एवढंच माहीत असतं, 'या अटीवर' हा अर्थ माहीत नसतो, आणि पूर्ण वाक्य उलटं कळतं. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख, आणि नजरचूकही. 'सँक्शन' तर रोजच्या वापरातला. ग्रामपंचायतीचा निधी सँक्शन झाला म्हणजे मंजुरी, आणि एखाद्या देशावर सँक्शन्स लादले म्हणजे निर्बंध. एकच शब्द, दोन टोकांचे अर्थ. असे शब्द कुठल्याच 'ॲडव्हान्स्ड' यादीत नसतात, कारण सगळ्यांना ते येतात असं वाटतं. त्यांची वेगळी वही करा. माझ्या मते तीच तुमची सगळ्यात मोलाची वही ठरेल.

यादी हवीच असेल तर एक चांगली आहे. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली 'अकॅडेमिक वर्ड लिस्ट' प्रसिद्ध केली. तिच्यात ५७० शब्दकुळं (इथे कूळ म्हणजे एक शब्द आणि त्याची सगळी रूपं) आहेत, आणि विद्यापीठीय स्तरावरच्या मजकुरात सुमारे १० टक्के शब्द या यादीतले असतात. डिराइव्ह, इम्प्लाय, इन्फर, इनहेरंट, सब्सिक्वंट, कन्स्ट्रेन, नॉटविथस्टँडिंग असे शब्द. दिसायला भारी नाहीत, पण अग्रलेख, अहवाल, परीक्षेतला उतारा, कंपनीचा ईमेल, सगळीकडे हेच भेटतात. नेटवर ती फुकट मिळते. दहा वर्षांत एकदा भेटणाऱ्या शब्दाआधी रोज भेटणारा शब्द पक्का करा.

वाचनाबद्दल सगळे सांगतात, पहिल्या दिवसापासून इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचा. मी तसं सांगत नाही. या विषयातल्या अभ्यासकांचं साधारण मत असं की मजकूर आधाराशिवाय समजायला ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. तीनशे शब्दांच्या पानावर सहा. तुमच्या अग्रलेखात पहिल्या परिच्छेदातच सहा निघत असतील तर ते वाचन होत नाही, शब्दकोशाची मजुरी होते, आणि पंधरा दिवसांत माणूस सोडून देतो. ज्या विषयातलं तुम्हाला आधीच कळतं त्यातलं इंग्रजी वाचा. क्रिकेट कळत असेल तर कालच्या सामन्याचा वृत्तांत वाचा. काय घडलं ते माहीत असल्यामुळे अनोळखी शब्द स्वतःचा अर्थ स्वतःच सांगतो. तुम्ही विज्ञानाचे, तर अवकाश, औषधं, हवामान यांवरचं वाचा. अग्रलेख चार-पाच महिन्यांनी.

शब्दकोशाचं थोडक्यात. इंग्रजी-मराठी कोश पहिल्या ओळखीला ठीक. त्यानंतर शिकणाऱ्यांसाठी काढलेला इंग्रजी-इंग्रजी कोश बघायचाच. लाँगमनने १९७८ साली अशा कोशात सगळे अर्थ सुमारे २,००० सोप्या शब्दांत द्यायची पद्धत आणली, त्यामुळे अर्थ कळण्यासाठी दुसरा अर्थ शोधावा लागत नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन तिघांचेही असे कोश नेटवर फुकट आहेत. अर्थाखालची उदाहरणाची वाक्यं वाचल्याशिवाय पान बंद करू नका, सोबत तिथेच दिसते. आणि शेजारचं स्पीकरचं चिन्ह दाबून उच्चार ऐका. 'सटल' या शब्दाच्या लिखाणात 'बी' आहे म्हणून मुलं त्याला 'सबटल' म्हणतात. 'इपिटमी' ला 'एपिटोम' म्हणतात. मग मुलाखतीत समोरच्याने बरोबर उच्चारला की पाठ असलेला शब्दही ओळखू येत नाही.

रोज किती? माझ्याकडे पाच. ओळखण्यापुरते पाच नवीन, आठवड्यातले सहा दिवस. त्या तीसपैकी फक्त पाच शब्द निवडायचे आणि त्या आठवड्यात स्वतःच्या वाक्यात, लिहून आणि बोलून, वापरायचे. वर्षाला दीड हजार ओळखीचे आणि अडीचशे हातातले. आकडा लहान वाटेल. पण अडीचशे शब्द जो माणूस न चुकता वापरतो त्याचं इंग्रजी चांगलं आहे असंच सगळे म्हणतात. वेळ अर्धा तास पुरे. पहिली पंधरा मिनिटं जुन्या कार्डांना, नवीन शब्द नंतर. उलटं केलंत तर जुनी कार्डं राहून जातात, हे मी बावीस वर्षं बघतेय.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: सुटा शब्द नको, वाक्य घ्या. कार्डावर सोबत लिहा. मराठी प्रतिशब्द नेमक्या रंगाचा शोधा. मुळं आठवणीसाठी वापरा. सोप्या शब्दांची वेगळी वही करा. आणि मागे वळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

राहिली तुमची हजार शब्दांची यादी. ती फेकू नका, दोन महिन्यांची मेहनत आहे ती. पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक शब्दावर फार तर तीन सेकंद थांबा. ज्याला बघताच एखादं वाक्य किंवा प्रसंग आठवतो त्याला बरोबरची खूण. ज्याचा फक्त मराठी अर्थ आठवतो त्याला गोल. ज्याचं काहीच आठवत नाही तो तसाच सोडा, वाचनात भेटला तर उचलू, नाही भेटला तर तूर्त त्याची गरज नाही. गोल केलेले बहुधा दीड-दोनशे निघतील. तुमची पहिली कार्डं त्यांचीच, कारण अर्धं काम झालेलं आहे, फक्त सोबत जोडायची आहे.

या रविवारी त्यातले दहा काढा, कोशातली उदाहरणं वाचा आणि दहा वाक्यं करा. वाक्यं तुमच्या घरातली, गावातली, कॉलेजातली असू द्या, पुस्तकातली नकोत. ती इथेच खाली टाका. चुकली असतील तर कुठल्या शब्दाची सोबत चुकली ते मी एकेक वाक्य घेऊन सांगेन.